पेट्रोल, हायब्रिड की इलेक्ट्रिक? आधी गाडी रात्री कुठे उभी असते ते सांगा

मिरजेहून मामांचा फोन आला. "गाडी बदलायची म्हणतोय. शोरूमवाला हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, घ्या म्हणून मागे लागलाय, जावई म्हणतात इलेक्ट्रिकच घ्या, आणि तुझी मामी म्हणते आहे त्या पेट्रोल गाडीला काय झालंय. तू सांग."

"मामा, गाडी रात्री कुठे असते?"

"कुठे म्हणजे? अंगणात, पारिजातकाखाली."

"आणि वर्षाला किती फिरते?"

हे त्यांना पटकन सांगता येईना. मामीने सर्व्हिसिंगची वही काढून दिली, तेव्हा कळलं की चार वर्षांत छप्पन्न हजार किलोमीटर, म्हणजे वर्षाला चौदा हजार. या दोन उत्तरांवर मामांचा निम्मा प्रश्न सुटला होता. उरलेला निम्मा नीट समजून घ्यायचा तर गाडीच्या पोटात ऊर्जा कशी येते आणि कुठे जाते हे कळायला हवं. मी पुण्यात सोसायट्यांमध्ये वीजजोडणीची कामं घेतो. इलेक्ट्रिक गाडी घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यातच मला फोन करतो, त्यामुळे लोक कुठे अडतात ते मी रोज बघतो. बहुतेक जण गाडी निवडताना चुकत नाहीत. आपला वापर ओळखण्यात चुकतात.

माप एकच धरू : युनिट

इलेक्ट्रिक गाडीच्या माहितीपत्रकात बॅटरीपुढे 'किलोवॉट-तास' असं लिहिलेलं असतं आणि तिथेच निम्मे लोक वाचणं सोडतात. हा किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं युनिट. ४५ किलोवॉट-तासांची बॅटरी म्हणजे जिच्यात ४५ युनिट वीज मावते ती. अशी मध्यम आकाराची गाडी शहरात एका युनिटला साधारण सात किलोमीटर जाते. म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीवर तीनशेच्या थोडं वर.

आता पेट्रोललाही हेच माप लावा. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे ९ युनिट उष्णता निघते. ३५ लिटरची टाकी फुल केली की गाडीत ३१५ युनिट ऊर्जा आली, वरच्या बॅटरीच्या सातपट. पण पंधराचं ॲव्हरेज धरलं तर गाडी जाते सव्वापाचशे किलोमीटर. ऊर्जा सातपट आणि अंतर दुप्पटही नाही. बाकीची ऊर्जा गेली कुठे? रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून, बोनेटला हात लावला की चटका बसतो त्यातून. पेट्रोल इंजिन रोजच्या वापरात इंधनातला जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोचवतं. मोटर मात्र बॅटरीतल्या शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी भाग चाकांना देते.

मग पेट्रोल इतकी वर्षं टिकलं कसं? कारण ते भरायला अतिशय सोपं आहे. पंपावरची नळी तीनेक मिनिटांत ती ३१५ युनिट टाकीत ओतते. हायवेवरचा ६० किलोवॉटचा फास्ट चार्जर तेवढ्या वेळात फक्त ३ युनिट देतो. दोन गाड्यांमधले जवळपास सगळे वाद या दोन आकड्यांमधून निघतात. एकीला ऊर्जा कमी लागते पण ती भरायला वेळ लागतो, दुसरी ऊर्जा उधळते पण ती लगेच भरता येते.

शहर आणि हायवे यांचा उलटा हिशेब

संध्याकाळी सात वाजता हडपसरच्या गर्दीत अडकलेली पेट्रोल गाडी आठवा. दोन मिनिटं उभी, वीस फूट पुढे, पुन्हा उभी. इंजिन मात्र अखंड चालू. एका कप चहासाठी बंब पेटवून ठेवावा तसं ते काम आहे. मोठं इंजिन मध्यम वेगात, बऱ्यापैकी ओझ्याखाली सगळ्यात काटकसरीने चालतं, आणि गर्दीत त्याला ती संधीच मिळत नाही. म्हणून शहरात ॲव्हरेज पडतं आणि हायवेला लागलं की सुधारतं.

इलेक्ट्रिकचं नेमकं उलटं आहे. सिग्नलला उभी असताना मोटर काहीच खात नाही. एसी तेवढा खातो, तासाला एखाद-दीड युनिट. पण हायवेवर वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० च्या जागी १२० ने निघालात तर तो सव्वादोन पट होतो. समृद्धी महामार्गावर १२० ची परवानगी आहे म्हणून त्या वेगाने सुटलेली माणसं बॅटरीचा टक्का बघून घाबरतात आणि गाडीला दोष देतात. तिथे एका युनिटला सातऐवजी पाच किलोमीटर मिळणं अगदी स्वाभाविक आहे. पेट्रोल गाडीलाही हाच अडथळा असतो, पण तिची उधळपट्टी आधीच एवढी असते की ही भर नजरेत येत नाही.

जाहिरातीतली रेंज याच कारणाने फसवी वाटते. नेक्सॉन ईव्हीच्या ४५ युनिटांच्या मॉडेलची प्रमाणित रेंज ४८९ किलोमीटर आहे, आणि रस्त्यावरचा अंदाज कंपनी स्वतःच साडेतीनशेच्या आसपास सांगते. पुण्यात वेताळ टेकडीवर जिचं आवार आहे त्या एआरएआयसारख्या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्था ठरावीक वेगाच्या आलेखावर, बंदिस्त जागेत, रोलरवर ही चाचणी घेतात. दोन गाड्यांची आपापसात तुलना करायला तो आकडा उत्तम आहे. कोल्हापूरला जाऊन परत येता येईल का, हे ठरवायला तो वापरू नये.

बोरघाट उतरताना

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट घाटात दिसते. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते. माणसांसकट सतराशे किलोची गाडी तेवढी उंच चढवायला सुमारे अडीच युनिट ऊर्जा लागते, म्हणजे उतरताना तेवढी ऊर्जा आपल्या हातात असते. पेट्रोल गाडीत तिचा मोठा भाग ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जातो. घाट संपल्यावर गाडी थांबवली की जो करपट वास येतो, तो त्या वाया गेलेल्या ऊर्जेचाच.

इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर जनरेटर होते. चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते, आणि वीज तयार करण्याच्या ओढीनेच गाडीचा वेग कमी होतो. वापरणारे सगळे याला 'रीजन' म्हणतात. दहाबारा किलोमीटरच्या उतारावर अडीचपैकी साधारण निम्मी ऊर्जा गाडी पुढे नेण्यातच खर्ची पडते, थोडी वाटेत हरवते आणि एखादं युनिट बॅटरीत परत जातं. मी पहिल्यांदा बॅटरी ६१ टक्क्यांवरून ६३ वर चढलेली पाहिली तेव्हा शेजारी बसलेल्या बायकोला दोनदा दाखवली. आकडा लहान आहे, पण याच वाटेवर पेट्रोल गाडी काहीच परत मिळवत नाही. शहरातल्या प्रत्येक सिग्नलवर हेच छोट्या प्रमाणात होत असतं. ब्रेक पॅड कितीतरी जास्त टिकतात ते त्यामुळेच.

हायब्रिड म्हणजे नेमकं काय

हायब्रिडबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे, आणि तो काही अंशी विक्रीच्या भाषेने वाढवला आहे. गाडीच्या मागे 'हायब्रिड' लिहिलेलं असलं तरी त्यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत.

माइल्ड हायब्रिडमध्ये छोटीशी मोटर इंजिनाला सुरू व्हायला आणि वेग घ्यायला हातभार लावते. नुसत्या विजेवर ती गाडी फूटभरही चालत नाही. ॲव्हरेजमध्ये फरक पडतो तो किरकोळ. स्ट्राँग हायब्रिड खरी. तिच्यात गाडी एकटीने ओढू शकेल अशी मोटर असते, आणि इंजिन गरज नसेल तेव्हा पूर्ण बंद होतं. शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा : "इंजिन बंद ठेवून ही गाडी चालते का?" उत्तर 'हो' असेल तर स्ट्राँग.

तंत्र जुनं आणि मुरलेलं आहे. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस विकायला काढली, तेव्हापासून ते सुधारत आलंय. आपल्याकडे २०२२ मध्ये ग्रँड व्हिटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस आणि होंडा सिटी हायब्रिड अशा गाड्या आल्या आणि लोकांना ते परवडण्याच्या जवळ आलं. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीत एक युनिटसुद्धा मावत नाही. एवढीशी बॅटरी काय कामाची, असं वाटेल. पण तिचं काम साठवणीचं नाहीच. दुकानाच्या गल्ल्यातली चिल्लर जशी दिवसभर येते आणि जाते, तशी ती वीज दर मिनिटाला येते आणि जाते. ब्रेक लावला की आत, सिग्नल सुटला की बाहेर. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी ही बँकेतली ठेव, हायब्रिडची हा गल्ला. या चिल्लरीच्या जोरावर इंजिनाला हवं तेव्हा बंद करता येतं आणि चालू असेल तेव्हा त्याच्या सोयीच्या वेगात फिरवता येतं. चहासाठी बंब पेटवावा लागत नाही.

परिणाम असा की पंधरा देणाऱ्या आकाराची गाडी शहरात वीस ते तेवीस देते. कंपनीचा २७.९७ चा आकडा चाचणीतला आहे. हायवेवर सलग शंभरने चालवलीत तर फायदा बराच आटतो, कारण तिथे ब्रेकही नाही आणि थांबणंही नाही. आणि एक गोष्ट विसरू नये : या गाडीला प्लग नाही. तिच्यातलं प्रत्येक युनिट शेवटी पेट्रोलमधूनच आलेलं असतं. प्लग असलेल्या हायब्रिड परदेशात पुष्कळ आहेत, आपल्याकडे मोजक्या आणि महाग.

आता पैसे

वर्षाला १२,००० किलोमीटर, पेट्रोल १०४ रुपये आणि घरची वीज १२ रुपये युनिट धरू. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून भिंतीच्या मीटरवर मोजलं तर एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरणं योग्य.

पेट्रोल गाडीला ८०० लिटर लागतील, म्हणजे ८३,००० रुपये. स्ट्राँग हायब्रिडला ५४५ लिटर, सुमारे ५७,०००. इलेक्ट्रिकला १,८५० युनिटांच्या आसपास, म्हणजे २२,०००. पेट्रोल आणि इलेक्ट्रिकमध्ये वर्षाला साठ हजारांचा फरक. इलेक्ट्रिक गाडी तीन लाखांनी महाग असेल तर पाच वर्षांत फिटली.

पण तीच गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटरच फिरत असेल, आणि पुण्या-मुंबईत अशा गाड्या पुष्कळ आहेत, तर फिटायला दहा वर्षं. आणि घरी प्लग नसल्यामुळे रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर २० ते २५ रुपये युनिटने भरावं लागत असेल तर बचत आणखी आटते. तिथे बारा हजार किलोमीटरलाही हायब्रिडशी फरक वर्षाला दहा ते वीस हजारांवर येतो आणि वर रांगेत घालवलेला वेळ वेगळा.

घरच्या विजेतही एक खाच आहे. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. तुमचं घर महिन्याला २०० युनिट खात असेल आणि गाडीची १५० त्यात मिसळली, तर ३०० च्या वरची युनिटं पुढच्या महागड्या टप्प्यात जातात. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना हे पहिलं बिल हातात पडल्यावर कळतं. यावर उपाय म्हणजे गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेणं. तिचा दर वेगळा असतो आणि घरचं बिल जागच्या जागी राहतं. ज्यांना स्वतःचं छप्पर आहे त्यांनी सोलरचा विचार जरूर करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि तेवढं पॅनेल दिवसाला सरासरी १२ युनिट देतं. म्हणजे पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर, रोज.

करांचं चित्र मधूनमधून बदलतं. सध्या इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा कर १८ टक्क्यांवर आला आणि मोठ्यांचा ४० झाला. स्ट्राँग हायब्रिडना यात वेगळी सवलत नाही. मोठ्या असल्या की त्याही ४० मध्येच. छोट्या पेट्रोल गाड्या स्वस्त झाल्यामुळे त्या आकारात इलेक्ट्रिकचा हिशेब थोडा अवघड झालाय, हे मान्य करायला हवं. दुसरीकडे महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला ११ ते १३ टक्के मोटार वाहन कर भरावा लागतो आणि इलेक्ट्रिकला त्यात माफी आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी या रस्त्यांवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. द्रुतगती मार्गाचा कारचा टोल २०२३ मध्ये ३२० रुपये झाला. आठवड्याला एक फेरी मारणाऱ्याने हा गुणाकार स्वतः करून बघावा.

अर्थिंग : ज्याबद्दल शोरूममध्ये कोणी बोलत नाही

मागच्या उन्हाळ्यात एका सोसायटीतून फोन आला. गाडी कालच घरी आलेली, हार अजून बोनेटवर. चार्जर लावला की डब्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. काका बिचारे रडकुंडीला आलेले, "नवी गाडी खराब दिली हो." मी पार्किंगमधल्या सॉकेटला मीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये २८ व्होल्ट. तिथे दोन-तीनच्या वर काही दिसायला नको. गाडी ठणठणीत होती. इमारतीचा अर्थिंगचा, म्हणजे गळालेली वीज सुरक्षितपणे जमिनीत सोडण्याचा, खड्डा उघडला तर आतली लोखंडी पट्टी गंजून तुकडे झालेली. पंधरा वर्षं त्या इमारतीतले फ्रीज, गीझर आणि वॉशिंग मशीन अर्थिंगशिवाय चालत होते आणि कुणाला पत्ता नव्हता. फ्रीज तक्रार करत नाही. गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर वीज घ्यायलाच नकार देतो. त्या चार्जरने अख्ख्या इमारतीवर उपकार केले असं मी कमिटीला सांगितलं. नवा खड्डा, तांब्याचा मुलामा असलेला रॉड, आणि प्रश्न मिटला.

गाडीबरोबर मिळणारा छोटा चार्जर साध्या पॉवर प्लगवर, म्हणजे गीझरच्या प्लगवर चालतो. पण गीझर वीस मिनिटं चालतो आणि गाडी आठ-दहा तास. जुना सॉकेट, सैल स्क्रू किंवा एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो तापून वितळतो. मी असे काळे पडलेले बोर्ड स्वतः काढले आहेत. म्हणून माझा आग्रह असतो : मीटरपासून थेट वेगळी वायर, निदान ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा), आणि सोबत आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा). भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवायचा असेल तर ६ ची वायर, आणि घराचा मंजूर भार आधी तपासून घ्या.

वेळेची भीतीही इथेच जाते. पॉवर प्लगवर रिकामी ४५ युनिटांची बॅटरी भरायला पंधरा तास लागतात हे खरं. पण रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला रात्री फक्त सहा युनिट भरायची असतात. दोन तास. मोबाइल लावतो तसं लावून झोपायचं.

ज्यांची गाडी रस्त्याच्या कडेला, दुसऱ्याच्या गेटसमोर किंवा चिठ्ठीने बदलणाऱ्या पार्किंगमध्ये उभी असते, त्यांना यातलं काहीच लागू नाही. डोंबिवली, ठाणे, पुण्याच्या पेठा, अशा ठिकाणी हे हजारो लोकांचं वास्तव आहे. त्यांना मी आजच्या घडीला स्ट्राँग हायब्रिड सुचवतो, आणि बजेट कमी असेल तर सीएनजी. मन दुखलं तरी खोटं सांगणार नाही. सोसायटीची कमिटी परवानगी देत नाही म्हणून इलेक्ट्रिकचं बुकिंग रद्द केलेली माणसं मला माहीत आहेत, आणि मला त्या कमिट्यांचा राग येतो. वायर स्वतंत्र मीटरवरून, खर्च सभासदाचा, सुरक्षेची साधनं बसवलेली, मग अडवायचं कशासाठी?

धूर जातो कुठे

'इलेक्ट्रिक म्हणजे शून्य प्रदूषण' हे वाक्य मला मान्य नाही आणि 'सगळी वीज कोळशाचीच, मग उपयोग काय' हेही नाही. हिशेब मांडून बघू.

एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेल उपसणं, वाहून आणणं आणि शुद्ध करणं यातला धूर धरला तर पंधराचं ॲव्हरेज देणारी गाडी किलोमीटरला १८० ग्रॅमच्या आसपास जाते. बावीस देणारी हायब्रिड १२५. आपल्या देशात एक युनिट वीज तयार करताना सरासरी ७०० ग्रॅमच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण जवळपास तीन चतुर्थांश वीज आजही कोळशाची. तारांमधली आणि चार्जिंगमधली गळती धरली तर इलेक्ट्रिक गाडी येते किलोमीटरला १२५ वर. म्हणजे आजच्या ग्रिडवर (देशाच्या वीजजाळ्यावर) इलेक्ट्रिक आणि चांगली हायब्रिड धावताना बरोबरीत आहेत. बॅटरी बनवतानाच काही टन कार्बन डायऑक्साइड आधीच निघालेला असतो, तो वेगळा. तीन टन धरले तर पेट्रोल गाडीच्या तुलनेत ते फिटायला सुमारे पंचावन्न हजार किलोमीटर चालवावं लागेल. जास्त फिरणारी गाडी ते चार वर्षांत फेडते, अंगणात झाकून ठेवलेली कधीच नाही.

पण पेट्रोल गाडी ज्या दिवशी शोरूममधून निघते त्या दिवशीच ती सगळ्यात स्वच्छ असते. इलेक्ट्रिक गाडी ग्रिडबरोबर स्वच्छ होत जाते. २०२५ च्या मध्यात देशातली वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता कोळसा आणि वायू सोडून इतर स्रोतांची झाली. क्षमता निम्मी म्हणजे वीज निम्मी नव्हे, सूर्य रात्री नसतो. तरी दिशा स्पष्ट आहे. दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये भरलेली गाडी रात्रीपेक्षा जास्त सौरवीज घेते.

यात मला खरंच टोचणारी एक गोष्ट सांगतो. पुण्यात सिग्नलला उभ्या असलेल्या शाळकरी पोरांच्या नाकात जाणारा धूर इलेक्ट्रिक गाडीने कमी होतो, आणि तो कमी व्हायलाच हवा. पण त्या विजेचा एक हिस्सा चंद्रपूर, कोराडी, परळीच्या चिमण्यांमधून येतो. तिथेही माणसं राहतात. आपली गाडी स्वच्छ म्हणताना त्यांची राख आपल्या हिशेबात धरली पाहिजे.

परावलंबनाचंही तसंच. कच्च्या तेलाचा ८५ टक्क्यांहून जास्त वाटा आपण आयात करतो. इलेक्ट्रिकने तो भार हलका होतो, पण बॅटरीचे सेल आणि मोटरमधले चुंबक यांसाठी आपण चीनकडे बघतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांवर निर्यातीचे निर्बंध आणले आणि आपल्याकडच्या कारखान्यांची धावपळ उडाली.

बॅटरी, पाणी, आग

बॅटरी संपली की गाडी भंगारात, हा समज आता मागे पडायला हवा. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये लिथियम-आयर्न-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी प्रकारची बॅटरी असते. तिच्यात कोबाल्ट नाही, ती जास्त वेळा भरता-रिकामी करता येते आणि उष्णता जास्त सोसते. विदर्भातल्या ४५ अंशांत हे महत्त्वाचं. बॅटरीला शंभर टक्के भरून भर उन्हात दिवसेंदिवस उभं ठेवणं तेवढं टाळावं. बंद पडलेल्या इलेक्ट्रिक गाडीचं कारण पुष्कळदा मोठी बॅटरी नसतेच. कुलूप, दिवे आणि संगणक चालवणारी बारा व्होल्टची साधी बॅटरी बसलेली असते.

बॅटरीचा डबा सहसा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा बनवलेला असतो. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं तसं पाणी तासन्‌तास राहिलं तर मात्र कुठलीच गाडी सुरक्षित नाही. पेट्रोल इंजिनात पाणी ओढलं गेलं तर तेही संपतं. आगीचं म्हणाल तर लिथियम बॅटरी एकदा पेटली की विझवायला फार अवघड, पुन्हा पेटते. म्हणून वायरिंगमध्ये काटकसर नको, हे मी पुन्हा सांगतोय.

पेट्रोल गाडीच्या बाजूने बोलायचं तर गणपतीत कोकणात जाणाऱ्याला मी तिला नावं ठेवणार नाही. मुंबई-गोवा महामार्गावरची गर्दी, वाडीतली पावसाळी वीज, आणि एका चार्जरपुढे चार गाड्या. पेट्रोल राजापुरात मिळतं, मेस्त्री प्रत्येक नाक्यावर असतो, आणि गाडी विकताना गिऱ्हाईक लगेच येतं. एक जुनी तक्रार मात्र रास्त आहे. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आल्यापासून ॲव्हरेज थोडं उतरलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून लिटरमागे साधारण सात टक्के ऊर्जा कमी. ते ॲव्हरेजमध्ये किती दिसतं हे इंजिनावर अवलंबून आहे. उसाला गिऱ्हाईक मिळालं, पण ते पैसे पंपावर कोणीतरी मोजतोय.

मामांनी शेवटी इलेक्ट्रिक घेतली. रोज मिरज-सांगली, आठवड्यातून एकदा कोल्हापूर, घरचं अंगण, घरचं छप्पर. पुण्याला यायचं असलं की वाटेत साताऱ्याजवळ एक थांबा घेतात. त्यांचं अर्थिंग मी स्वतः जाऊन करून दिलं, पारिजातकाच्या आळ्याला लागून. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायला सांगून आलो होतो. परवा मामीशी बोलणं झालं. सकाळी झाडाला पाणी घालताना एक तांब्या त्या खड्ड्यातही ओतते म्हणाली.